हप्ते तुम्ही फेडले, मग पुरावा दुसऱ्याच्या कपाटात का?



कर्जावरचा कुठलाही व्हिडिओ टाकला की वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडून एक प्रश्न हमखास येतो. "सर, मी आजवर एकही हप्ता चुकवला नाही, तरी बँक म्हणते तुमचा रेकॉर्डच नाही. असं कसं?" याचं उत्तर दोन मिनिटांच्या व्हिडिओत बसत नाही, म्हणून लिहायला घेतलं. आणि या विषयावर माझं एक ठाम मत आहे, तेही आज सांगून टाकतो.

तुम्ही कर्ज बँकेतून घ्या, मायक्रोफायनान्स कंपनीकडून घ्या की पतसंस्थेतून घ्या. ते कसं फेडलं याची नोंद ही तुमची कमाई आहे. ती नोंद तुम्हाला हवी तेव्हा, हवी तिथे, तुमच्या परवानगीने नेता आली पाहिजे. बँकखात्यातल्या माहितीसाठी असा रस्ता आपल्या देशात तयार झालाय. पण छोटा धंदेवाला पहिलं कर्ज जिथून घेतो, तिथपर्यंत तो रस्ता नीट पोचलेला नाही. तो पोचवलाच पाहिजे.

आधी एक उदाहरण

समजा, समुद्रपूर तालुक्यात एका ताईंचा हळद-मसाल्याचा धंदा आहे. तिथल्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे मालाला नाव आहे. ताई ती हळद दळतात, पाकिटं भरतात, आठवडी बाजारात आणि नागपूरच्या प्रदर्शनात विकतात.

सुरुवातीला त्यांनी बचत गटातून १५ हजार घेतले. मग मायक्रोफायनान्स कंपनीकडून ४० हजार. पुढे दळायची मशीन घ्यायला गावच्या पतसंस्थेतून १ लाख. सगळं वेळेवर फेडलं. आता मोठी मशीन आणि पॅकिंगसाठी ३ लाख हवेत, म्हणून मुद्रा योजनेच्या 'किशोर' गटात (५० हजारांच्या वर, ५ लाखांपर्यंत) बँकेत अर्ज केला.

बँकेच्या साहेबांना कॉम्प्युटरवर काय दिसतं? मायक्रोफायनान्सचं ४० हजारांचं कर्ज दिसतं. पतसंस्थेचं १ लाखाचं, म्हणजे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात चोख फेडलेलं कर्ज, दिसतच नाही. गटाचे १५ हजार गटाच्या वहीत. खात्यावर उलाढाल थोडी, कारण बाजारातली विक्री रोखीत. साहेब काही वाईट माणूस नाही. त्याला जे दिसतं त्यावरच तो निर्णय घेणार ना!

मग ताई कुठे जातात? पुन्हा जिथे ओळख आहे तिथे, म्हणजे जास्त व्याजाकडे. याची किंमत किती, ते मांडूनच बघू. १ लाख रुपये, २४ महिने, घटत्या शिल्लकीवर व्याज:

- दर २४ टक्के असेल तर हप्ता साधारण ५,२८७ रुपये. एकूण व्याज सुमारे २६,९०० रुपये.
- दर १२ टक्के असेल तर हप्ता साधारण ४,७०७ रुपये. एकूण व्याज सुमारे १३,००० रुपये.

फरक जवळपास १३,९०० रुपयांचा, तोही फक्त एका लाखावर. माल तोच, मेहनत तीच, परतफेडही तशीच चोख. पुरावा सोबत नेता आला नाही, त्याचा हा दंड आहे.

तुमची नोंद नेमकी कुठे पडून असते?

हे एकदा नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

*बँक आणि एनबीएफसी:* मायक्रोफायनान्स कंपन्या, सोनेतारण कंपन्या, गाडीला कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्या या बहुतेक एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेल्या पण रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या संस्था. यांना तुमच्या कर्जाची माहिती क्रेडिट ब्युरोंना द्यावीच लागते. आपल्याकडे असे ब्युरो चार: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्क. १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती दर पंधरवड्याला पाठवायचा नियम लागू झाला.

*पतसंस्था:* या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या असतात. देखरेख सहकार खात्याची, रिझर्व्ह बँकेची नाही. त्यामुळे इथली परतफेड ब्युरोच्या अहवालात सहसा येत नाही.

*परवानाधारक सावकार:* यांना २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा लागू. हिशेब ठेवणं, पावती देणं, कर्जदाराला हिशेबाचा उतारा देणं त्यांच्यावर बंधनकारक. पण तो उतारा कागदावर तुमच्या हातात येतो, बँकेच्या कॉम्प्युटरवर नाही.

*बचत गट:* उमेद असो की माविम, गटातल्या गटात घेतलेल्या कर्जाचा मूळ हिशेब गटाच्या दप्तरात. उमेदच्या गटांचे व्यवहार आता 'लोकॉस' ॲपवर चढवायचं काम चालू आहे, ही चांगली गोष्ट. पण त्या नोंदीवर सदस्य ताईला एकटीला बँकेकडून कर्ज सहज मिळेल, अशी सोय अजून आपल्या हाताशी नाही.

आपल्या जिल्ह्यासाठी यात आणखी एक पदर आहे. मे २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने राज्यातल्या तीन जिल्हा मध्यवर्ती बँकांना परवाना नाकारला. नागपूर, बुलढाणा आणि आपलं वर्धा. पुढे सरकारी मदतीनंतर कामकाज पुन्हा सुरू झालं, पण ज्यांचे पैसे त्या काळात अडकले त्यांना विचारा. अशा भागात माणूस पतसंस्था, फायनान्स कंपनी, गट यांच्याकडे वळला तर त्यात नवल काय? म्हणून इथे 'बँकेबाहेरचं कर्ज' हा काही कोपऱ्यातला विषय नाही.

रस्ता कसा आहे आणि कुठे तुटतो?

अकाउंट ॲग्रीगेटर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. रिझर्व्ह बँकेने त्याचे नियम २०१६ मध्ये काढले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ८ मोठ्या बँकांना सोबत घेऊन गाडी प्रत्यक्ष सुरू झाली.

काम कसं चालतं? पोस्टमन समजा. तुम्ही मोबाईलवर परवानगी देता. तुमच्या बँकेकडून माहितीचं बंद पाकीट निघतं आणि ज्याच्याकडे कर्ज मागितलंय त्याला पोचतं. मधला पोस्टमन पाकीट उघडू शकत नाही आणि स्वतःकडे ठेवूही शकत नाही. परवानगीत पाच गोष्टी ठरलेल्या असतात: कोणती माहिती, कोणत्या काळाची, कशासाठी, किती वेळा आणि किती दिवस. पुढची परवानगी कधीही मागे घेता येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये यात जीएसटीची माहितीही जोडली गेली, म्हणजे विवरणपत्रं भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला आपली विक्री दाखवता येते.

आता तुटतो कुठे ते बघा.

पहिली जागा. २०१६ च्या मूळ यादीत बँकेतल्या ठेवी, एनबीएफसीतल्या ठेवी, शेअर, म्युच्युअल फंड, विमा, पेन्शन अशी लांबलचक नावं आहेत. कर्जखात्याला त्या यादीत स्वतंत्र जागा नव्हती. म्हणजे ज्याच्याकडे ठेव आहे त्याला ती दाखवायचा रस्ता मिळाला. ज्याच्याकडे ठेव नाही, पण चार वर्षं चोख फेडलेलं कर्ज आहे, त्याच्यासाठी फक्त ब्युरोचा गुण.

दुसरी जागा म्हणजे पतसंस्था. त्या रिझर्व्ह बँकेच्या छत्रीबाहेर, त्यामुळे या गाडीला त्यांच्या दारात थांबाच नाही.

एक पाऊल मात्र योग्य दिशेने पडलंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की जी वित्तसंस्था माहिती घेणारी म्हणून यात येईल, तिच्याकडे देण्याजोगी माहिती असेल तर तिने देणारी म्हणूनही आलंच पाहिजे. आपल्या भाषेत सांगायचं तर लग्नाला जेवायला जायचं असेल तर आहेरही न्यायचा. काही फायनान्स कंपन्यांना ग्राहकाची सगळी माहिती हवी असते, पण स्वतःकडची द्यायची वेळ आली की सिस्टीम डाऊन असते! हा नियम म्हणून महत्त्वाचा. आता तो ठेवींपुरता न ठेवता कर्जखात्यापर्यंत न्या, एवढंच मागणं आहे.

हे मागणं जगावेगळं नाही. ऑस्ट्रेलियात ग्राहकाचा हा हक्क २०२० मध्ये बँकांपासून सुरू झाला, आणि तो बँकेतर कर्जसंस्थांना लावायचे नियम २०२५ मध्ये ठरले. तिथलं कारणही साधंच: कर्ज दोन्हीकडून घेतलं जातं, तर हक्क एकाच दारात का?

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसायला लावण्याचा हक्क दिला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पण २०१९ च्या विधेयकात असलेला 'माहिती सोबत नेण्याचा' हक्क अंतिम कायद्यात राहिला नाही. छोट्या उद्योजकाला नेमका तोच सगळ्यात जास्त उपयोगाचा होता.

"पण सर, उलटं झालं तर?"

हा प्रश्न योग्य आहे. यातल्या तीन शंकांना मी खरोखर वजन देतो.

*एक, जास्त माहिती म्हणजे जास्त कर्ज गळ्यात.* २०१० मध्ये आंध्र प्रदेशात काय झालं ते आठवा. एकाच घरात तीन-तीन, चार-चार मायक्रोफायनान्स कर्जं, वसुलीचा जाच, आत्महत्या, शेवटी सरकारचा वटहुकूम. त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे एका कंपनीला दुसरीचं कर्ज दिसत नव्हतं. आज नियम असा आहे की वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेल्या घराला विनातारण मायक्रोफायनान्स कर्ज देताना, घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. पण पतसंस्थेचा हप्ता दिसतच नसेल तर हे निम्मं मोजणार कसं? म्हणजे माहिती पूर्ण असेल तर जादा कर्ज देणाऱ्यालाही 'मला माहीत नव्हतं' असं म्हणायला जागा राहत नाही.

*दोन, पतसंस्थेला हे झेपेल का?* खरी अडचण आहे. दोन कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेला सॉफ्टवेअर, सुरक्षा, तक्रार निवारण हा सगळा खर्च भारी आहे. शिवाय संचालकांच्या मनात धाकधूक असतेच, की आपला चांगला कर्जदार बँक पळवून नेईल. खर्चाचं म्हणणं मला मान्य, म्हणून मोठ्या आणि पूर्ण संगणकीकृत पतसंस्थांपासून सुरुवात करा, लहानांना वेळ आणि मदत द्या. पळवण्याचं म्हणणं मात्र मान्य नाही. सभासद टिकवायचा तर सेवेने टिकवा, त्याचा कागद दाबून नाही.

*तीन, परवानगी ही नावापुरती.* गरजू माणूस 'मी सहमत आहे' वर डोळे झाकून बोट दाबतो. उद्या सगळेच माहिती द्यायला लागले की न देणाऱ्यावर संशय येणार. यावर माझं म्हणणं स्पष्ट आहे. परवानगी मराठीत, एका पानात, मोठ्या अक्षरात हवी. आणि ज्याने डिजिटल परवानगी दिली नाही त्याला कागदावर पुरावा द्यायचा पर्याय खुला हवा. 'नाही' म्हणता येत नसेल तर त्याला हक्क म्हणायचं कशाला?

पूर्ण नोंद दिसली तर हप्ताही बदलू शकतो

ब्युरोचा गुण हा एकच आकडा. त्यात तुमचा धंदा दिसत नाही. आपल्या जिल्ह्यात कापूस, सोयाबीन, तूर घरात आल्यावर बाजारात पैसा खेळतो. दिवाळीपासून होळीपर्यंत विक्री जोरात, आणि जून ते सप्टेंबर गिऱ्हाईक हात आखडतं. कर्ज देणाऱ्याला दोन वर्षांची उलाढाल आणि परतफेड महिनावार दिसली, तर तो पावसाळ्यात छोटा आणि हंगामात मोठा हप्ता बांधून देऊ शकतो. माझ्या मते या हक्काचा सगळ्यात मोठा फायदा हाच. कर्ज मिळणं ही पहिली पायरी, पण धंद्याच्या चालीने फेडता येणं हे खरं टिकवतं.

नियम बदलेपर्यंत तुम्ही काय करायचं?

सरकार करेल तेव्हा करेल. तुमची फाईल आजपासून तयार ठेवा.

१. *ब्युरोचा अहवाल काढा.* चारही ब्युरोंकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. पैसे मागणाऱ्या एजंटची गरज नाही. तिमाहीला एकेका ब्युरोचा काढलात तर वर्षभर लक्ष राहतं.

२. *चूक असेल तर लेखी तक्रार करा.* फेडलेलं कर्ज 'चालू' दिसतंय, दुसऱ्याचं कर्ज तुमच्या नावावर आहे, असं सर्रास आढळतं. ३० दिवसांत निपटारा झाला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. तक्रारीची तारीख आणि क्रमांक जपून ठेवा.

३. *पतसंस्थेकडून खातेउतारा आणि बेबाकी दाखला घ्या.* लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. कर्जाची रक्कम, तारीख, हप्ते, किती दिवस उशीर झाला किंवा झाला नाही, हे त्यात असू द्या. कर्ज संपल्यावर लगेच मागा, पाच वर्षांनी शोधाशोध नको. टाळाटाळ झाली तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात अर्ज करा.

४. *हप्ता खात्यातून भरा.* यूपीआयने किंवा चेकने. रोख भरलात तर पावतीशिवाय दाराबाहेर पडू नका. बचत गटातही तुमच्या पासबुकात नोंद झाल्याशिवाय उठायचं नाही, ताई!

५. *विक्रीसाठी वेगळं खातं ठेवा.* आठवडी बाजारातली रोखही त्यात भरा. अकाउंट ॲग्रीगेटरमधून दाखवण्यासारखं काही असेल तरच त्याचा फायदा.

६. *परवानगी देताना पाच गोष्टी वाचा.* वर सांगितल्यात त्याच. एका कर्जासाठी एकदा माहिती पुरते. 'रोज, पाच वर्षं' असं दिसलं तर विचारा, का म्हणून?

७. *कर्ज देणाऱ्या ॲपला फोनबुक उघडून देऊ नका.* रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा ॲपने संपर्क यादी, फोटो, कॉलची नोंद बघायचीच नाही. मागत असेल तर तिथेच थांबा. मान्य संस्थांशी जोडलेल्या ॲपची यादी जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. बेकायदा ॲपची तक्रार 'सचेत' पोर्टलवर करता येते.

८. *मुख्य तथ्य विवरण मागून घ्या.* सगळे खर्च धरून वर्षाचा दर त्यात लिहिलेला असतो, आणि तो तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यायचा आहे. दोन संस्थांची तुलना याच आकड्यावर करा.

शेवटचं सांगणं

रिझर्व्ह बँकेने कर्जखात्याला यादीत जागा द्यावी आणि राज्याच्या सहकार खात्याने पतसंस्थांसाठी टप्प्याटप्प्याचं वेळापत्रक ठरवावं, या माझ्या दोन मागण्या. त्यासाठी तुम्हाला मोर्चा काढायची गरज नाही. पतसंस्थेचे सभासद म्हणून तुम्ही मालक आहात, हे विसरू नका. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत उभं राहून एकच प्रश्न विचारा: "माझा परतफेडीचा दाखला मला मोबाईलवर कधी मिळणार?" एका सभासदाने विचारलं तर संचालक हसून नेतील. पन्नास जणांनी विचारलं तर इतिवृत्तात लिहावं लागेल.

आणि या आठवड्याचं काम: एक फाईल आणा, वरचे कागद त्यात लावायला घ्या. कुठला कागद मिळत नाहीये आणि कोण काय कारण देतंय, ते खाली लिहा. सगळ्यात जास्त आलेल्या अडचणीवर पुढचा व्हिडिओ करू.

भेटूया!